विमान पोचले, उतारू कधी पोचणार?

बुऱ्हाणपूरचे तिकीट काढून आगगाडीत बसलेला उतारू बुऱ्हाणपुरात उतरत नाही; तो लालबागेत उतरतो. हे लालबाग मुंबईच्या गिरणगावातले, गणेशोत्सवासाठी सर्वांच्या तोंडी असलेले लालबाग नव्हे. मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, तापीच्या काठी वसलेल्या बुऱ्हाणपूर या जुन्या शहराचे हे उपनगर. शहराचे रेल्वे स्थानक येथे आहे आणि तेथून तटबंदीच्या आतले मूळ गाव सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. गेल्या शतकाआधीच्या शतकात इंग्रज अभियंत्यांनी रूळ टाकले ते आपल्या सोयीने. शहराच्या दारापर्यंत ते आले नाहीत. तेव्हापासून आजतागायत शेकडो कोस तुडवून आलेल्या प्रवाशाला शेवटच्या तीन किलोमीटरांसाठी पुन्हा एकदा वाहन शोधावे लागते. पूर्वी टांगा होता, आज रिक्षा आहे. वाहन बदलले, कटकट तीच राहिली.

ही गोष्ट गोमंतकीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. पणजीला येणारा आगगाडीचा प्रवासी करमळीस उतरतो, म्हापशाचा थिवीस उतरतो, आणि गोव्याचे म्हणून विमानाचे तिकीट काढणारा दाबोळीस उतरणार की मोपास, हे नीट पाहिले नाही तर त्याच्यावर राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावण्याची पाळी येते. तिकिटावर छापलेले गाव आणि प्रत्यक्षात पाय टेकतात ती जागा, या दोहोंत अंतर असते. प्रवासाचा खरा हिशेब या अंतरात दडलेला असतो आणि नेमका तोच आपल्या राज्यकर्त्यांच्या घोषणांत कोठे आढळत नाही.

दोन शहरांमधले अंतर किती, हा प्रश्न दिसायला शाळकरी मुलाच्या गणितासारखा सोपा आहे. पणजी आणि बुऱ्हाणपूर ही दोन गावे घेऊ. पणजी उत्तर अक्षांश साडेपंधरा अंशांवर, बुऱ्हाणपूर एकवीस अंशांच्या थोडे पुढे. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरून आणि रेखांशातला फरक जमेस घेऊन नकाशावर सरळ रेघ मारली तर हे अंतर भरते सुमारे ७०० किलोमीटर. पण सरळ रेघेवरून पक्षी जातो, माणूस जात नाही. बेळगाव, कोल्हापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर अशा रस्त्याने गेले तर तेच अंतर ९०० किलोमीटरांच्या घरात जाते. कोकण रेल्वेने पनवेल, कल्याण, मनमाड, भुसावळ असे मंगला एक्सप्रेसच्या वाटेने गेले तर ते हजाराच्या आसपास होते. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, मिरज, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ करीत याच बुऱ्हाणपूरवरून दिल्लीकडे जाते. त्या वाटेने ते अकराशे किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यात जवळजवळ एक अहोरात्र खर्ची पडते. गावे दोनच, पण अंतरे चार. यांतले खरे कोणते मानावयाचे?

आता यात विमानाची भर पडली आहे. २०२४ साली, गोव्यातच मुख्यालय असलेल्या फ्लाय ९१ या नव्या विमान कंपनीने मोपाहून जळगावला थेट विमान सुरू केले. बुऱ्हाणपूरला नियमित विमानसेवेचा विमानतळ नाही. त्यामुळे आपल्या दृष्टीने खानदेश आणि नेमाड या मुलखाचे आकाशातले दार म्हणजे जळगाव. मोपा ते जळगाव हे हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास वेगाने उडणारे पंख्याचे छोटे विमान हे अंतर दीड-पावणेदोन तासांत कापते. जिथे जावयास रात्र आणि वर अर्धा दिवस मोडत होता तिथे आता सकाळचा चहा गोव्यात घेऊन दुपारचे जेवण खानदेशात घेता येईल, असे कोणी म्हटले तर ते ऐकायला गोड वाटते. आम्हांलाही वाटले.

परंतु या गोड वाक्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पणजीतील एखादे कुटुंब बुऱ्हाणपूरच्या आप्ताच्या घरी कार्याला निघाले आहे असे समजू. पणजीहून मोपा सुमारे पस्तीस किलोमीटर. त्यासाठी एक तास. विमान सुटण्यापूर्वी तेथे हजर राहणे, सामान देणे, तपासणी, यासाठी सव्वा ते दीड तास. विमानाचे पावणेदोन तास. जळगावच्या विमानतळावरून बाहेर पडून वाहन मिळवणे आणि जळगाव रेल्वे स्थानक गाठणे, यांत पाऊण-एक तास. पुढे जळगाव ते बुऱ्हाणपूर लोहमार्गाने ऐंशी किलोमीटरांच्या आतबाहेर. गाडी धावते तासा-सव्वा तासाची, पण ती केव्हा सापडेल हे नशिबाच्या हवाली. मग लालबाग आणि लालबागेपासून घरापर्यंतचे तीन किलोमीटर. सारे सुरळीत झाले तर सात-आठ तास लागले. त्यांतले आकाशात गेले ते दोन तासांहून कमी. म्हणजे सहाशे किलोमीटरांना जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ उरलेल्या सव्वाशे किलोमीटरांत गेला. विमानाला तासभर उशीर झाला आणि पुढची गाडी चुकली तर रात्र जळगावच्या नाहीतर भुसावळच्या लॉजमध्ये. कार्य तोवर आटोपलेले असते.

आम्ही विमानाच्या विरोधात लिहीत आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. सात-आठ तास हेही आगगाडीच्या वेळेच्या निम्म्याहून कमीच आहेत आणि आजारी, वृद्ध किंवा अडल्यानडल्या माणसाला वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. आमचे म्हणणे एवढेच की, उड्डाणाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. उड्डाणाचा वेळ हासुद्धा अंतराला वेगाने भागून येत नाही. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणे, उंची गाठणे, समोरचा वा मागचा वारा, उतरण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा, या सर्वांची त्यात भर असते. म्हणूनच दोनशे किलोमीटरांच्या हवाई प्रवासाला चारशेच्या निम्मा वेळ लागत नाही, त्याहून जास्त लागतो. टप्पा जितका छोटा, तितका जमिनीवरचा खोळंबा जड. छोट्या गावांना जोडणाऱ्या विमानसेवेचे यश म्हणूनच आकाशात ठरत नाही. ते दोन्ही बाजूंच्या जमिनीवर ठरते.

अंतर हे मैलांवर नव्हे तर व्यवस्थेवर अवलंबून असते, याचा पडताळा बुऱ्हाणपूरएवढा दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच घेतला असेल. फारुकी सुलतानांनी वसविलेले आणि पुढे अकबराने जिंकलेले हे शहर उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक फौजेचे, वकिलाचे आणि व्यापाऱ्याचे ठाणे होते. जवळच असीरगड, त्याला दख्खनचे दार म्हणत. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला तो नोव्हेंबरच्या मध्यास बुऱ्हाणपुरास पोचला. सरळ रेघेत साडेतीनशे किलोमीटरांच्या या वाटेला दोन आठवडे लागले. पण त्या काळी ही वाट दूरची मानली जात नव्हती, कारण प्रत्येक मजलेवर सराई होती, बैलाला वैरण होती आणि माणसाला पाणी होते. मजल-दरमजल हा आपल्या भाषेतला शब्दच सांगतो की, पूर्वीचा प्रवास टप्प्यांनी मोजला जाई आणि प्रत्येक टप्प्याची सोय हा त्या मोजमापाचा भाग असे.

त्याच शहराने अंतराचा दुसरा अर्थही पाहिला. १६८१ च्या प्रारंभी, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या पहिल्या पर्वात, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौज अकस्मात बुऱ्हाणपुरावर जाऊन आदळली. बहादूरपुरासारखे संपन्न पुरे तिने धुऊन नेले. मोगलांचा सुभेदार खानजहान औरंगाबादेकडून मदतीला धावला खरा. पण तो येईपर्यंत मराठे लूट घेऊन चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेलेही होते. औरंगाबाद मराठ्यांच्या मुलखाहून बुऱ्हाणपुराला कितीतरी जवळ. तरीही जवळचा उशिरा पोचला आणि दूरचा वेळेवर पोचून वेळेवर परतला. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात याच राज्याच्या फौजेने गोव्यातील जुवे बेटावर पोर्तुगिजांची झोप उडविली, हे येथील वाचकाला सांगावयास नको. तापीपासून मांडवीपर्यंतचे अंतर त्या घोडदळाने तीन वर्षांच्या आत नजरेच्या टप्प्यात आणले. सडी फौज, माहीत असलेली वाट आणि ठरलेली वेळ, या तीन गोष्टी जुळल्या की कोस आखडतात. त्या नसल्या की शेजारचे गावही परदेश होते.

आगगाडी आली तेव्हाची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. मुंबई ते जबलपूर हा लोहमार्ग सलग जोडला जाऊन ७ मार्च १८७० रोजी खुला झाला आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास आगगाडीने शक्य झाला. त्यानंतर दोन वर्षांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या गृहस्थाची जगप्रसिद्ध कथा लिहिली. त्या कथेतली गाडी बुऱ्हाणपूरला थांबते आणि नायकाचा नोकर तेथे खोट्या मोत्यांनी मढविलेल्या चपला विकत घेतो. थोडे पुढे गेल्यावर मात्र रूळच संपतात. वृत्तपत्रांनी तर लोहमार्ग पूर्ण झाल्याचे छापले होते आणि त्याच भरवशावर ऐंशी दिवसांचा हिशेब मांडला होता. जागेवर पाहतात तो अलाहाबादपर्यंतचा पन्नास मैलांचा टप्पा अपुराच. तिकीट मात्र थेट कलकत्त्याचे दिलेले! गाडीतले माहीतगार उतारू निमूटपणे उतरून मिळेल ते वाहन धरतात आणि नायकाला भरमसाट किंमत मोजून हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात तोवर मार्ग पूर्ण झालेला होता, म्हणजे लेखकाने कथेच्या सोयीसाठी वास्तव वाकविले होते. पण दीडशे वर्षांनंतर त्या कथेतला हा प्रसंग वाचताना हसू येते आणि मागोमाग कसेसेही होते. कागदावर जोडलेली, जागेवर तुटलेली वाट आणि पदरमोड करून हत्ती शोधणारा प्रवासी, ही आज आपल्या ओळखीची माणसे नाहीत काय?

गोव्याने तर हा अनुभव आपल्या अंगावर घेतला आहे. १९५५ नंतर सीमेवर नाकेबंदी होती, मार्मगोव्याहून घाटावर जाणारी आगगाडी थांबली होती, आणि त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने दाबोळीला विमानतळ सुरू केला. दाबोळीहून कराचीस विमान जात होते. पण सावंतवाडीची बहीण पेडण्याच्या भावाला सहजी भेटू शकत नव्हती. हाकेच्या अंतरावरचे माणूस समुद्रापलीकडच्या शहरापेक्षा दूर झाले होते. मुक्तीनंतरही एक प्रसंग घडला. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी व बेती यांच्यामधले नदीचे पात्र एका दिवसात रुंद झाले. पाणी तेवढेच होते, काठ तेथेच होते. फेरीबोटीची रांग मात्र वाढली होती. त्या वेळी धक्क्यावर पावसात ताटकळलेल्या माणसाला पणजी-बेती अंतर किती, असे विचारले असते तर त्याने मीटरांत उत्तर दिले नसते. त्याने घड्याळ दाखविले असते.

या पार्श्वभूमीवर सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेकडे पाहावे लागते. ‘उडान’ या नावाने २०१६ साली जाहीर झालेल्या आणि २०१७ च्या एप्रिलात पहिले विमान उडालेल्या या योजनेचा हेतू उत्तम होता. साधारण ५०० किलोमीटरांच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, आणि कंपनीला येणारी तूट पहिली तीन वर्षे अनुदानातून भरून देणे, अशी तिची रचना. सामान्य माणसाला विमानात बसविणाऱ्या या कल्पनेचे स्वागत कोण करणार नाही? पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालातील आकडे डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उडालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची पूर्ण मुदत गाठली ती अवघ्या ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते केवळ ५४. शंभर मार्ग जाहीर करावेत आणि सात उरावेत, याला नव्याचे नऊ दिवस म्हणण्याचीही सोय नाही. निम्म्यांच्या वाट्याला तर तेवढेही दिवस आले नाहीत.

जळगावचाच इतिहास पाहा. तेथील नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले २०१२ साली. नियमित प्रवासी विमान आले ते २०१७ च्या डिसेंबरात. ते काही महिन्यांत बंद पडले. २०१९ साली दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली. तीही टिकली नाही. मग २०२४ साली गोव्याचे विमान तेथे उतरले. दोनदा तोंड पोळलेला प्रवासी तिसऱ्या वेळी ताकही फुंकून पिणार, हे उघड आहे. त्याने लग्नाची तारीख, मुलाच्या परीक्षेचा दिवस किंवा रुग्णाच्या शस्त्रक्रियेची वेळ अशा सेवेवर विसंबून ठरवावी तरी कशी? विमान वेगवान असणे हा गुण आहे; ते पुढच्या महिन्यात असेल असा विश्वास असणे हा त्याहून मोठा गुण आहे. ज्या वाटेचा भरवसा नाही ती वाट कितीही जवळची असली तरी माणूस लांबची वाट धरतो.

यावर सरकारच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही असे नाही. नव्या मार्गाला प्रवासी मिळावयास वेळ लागतो, इंधन महाग असते, छोटी विमाने थोडी आणि त्यांचे सुटे भाग परदेशी, छोट्या विमानतळांवर रात्री वा कमी उजेडात उतरण्याची साधने अपुरी. ही सारी कारणे खरी आहेत. पण प्रवासी का मिळत नाहीत, याचे एक मोठे कारण जमिनीवर पडलेले आहे आणि ते उचलण्यास ना परदेशी सुटे भाग लागतात ना महाग इंधन. विमान उतरते त्या वेळी विमानतळाच्या दारात एक बस उभी असणे, एवढीच ती गोष्ट. मोपाला कदंब महामंडळाच्या बसगाड्या जातात, म्हणून पणजी-मडगावच्या प्रवाशाला निदान सार्वजनिक वाहनाचा एक पर्याय आहे. हेच दुसऱ्या टोकाला का होऊ नये? येथे राज्याची सीमा आडवी येते. जळगाव महाराष्ट्रात, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली घेतला आणि तेव्हापासून तेथील सामान्य उतारू मुख्यत्वे खासगी बसगाड्यांच्या मर्जीवर राहिला. विमान केंद्राचे, विमानतळ महाराष्ट्रात, प्रवासी गोव्याचा आणि मुक्काम मध्य प्रदेशात; चार धन्यांचा पाहुणा उपाशी, अशी ही अवस्था.

तेव्हा आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, ज्या मार्गाला सरकारी अनुदान मिळते त्या मार्गाची जाहिरात करताना उड्डाणाच्या वेळेबरोबर शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा एकूण वेळही छापला जावा. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या सेवेने लोकांना पूर्ण हिशेब द्यावा, यात गैर काय? दुसरी, अनुदानाच्या करारातच जोडबसची अट असावी. जळगावच्या विमानतळावरून भुसावळ, रावेर, बुऱ्हाणपूर या वाटेने विमानाच्या वेळेनुसार बस सोडण्यासाठी दोन्ही राज्यांनी मिळून व्यवस्था करावी. तिसरी, सेवा बंद करावयाची असल्यास पुरेशी आधी सूचना आणि तिकिटाचे पूर्ण पैसे बिनबोभाट परत, हा नियम कागदावर न राहता पाळला जावा. आणि चौथी, विमानाच्या घोषणांच्या झगमगाटात आगगाडीचा विसर पडू नये.

ही चौथी मागणी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण विमानात बसणारे कितीही वाढले तरी गोव्याहून खानदेश-नेमाडात जाणाऱ्या बहुसंख्य माणसांचे वाहन आगगाडीच राहणार. त्यांत यंत्रमागावरचे कामगार असतात, केळीच्या धंद्यातील माणसे असतात, सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपून राहिलेल्या घरांच्या माहेरवाशिणी असतात. त्यांना दीड तासाच्या उड्डाणाचे कौतुक आहे. पण त्यांचा प्रश्न आहे तो शयनयानातल्या जागेचा, प्रतीक्षायादीचा, बिनआरक्षित डब्यातल्या गर्दीचा आणि अपरात्री लालबागेत उतरल्यावर फलाटावर दिवा आहे की नाही, बाहेर वाहन वाजवी भाड्यात मिळेल की नाही, याचा. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांना सरकार अनुदान देते. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना निदान बसावयास जागा द्यावी.

वृत्तपत्राच्या धंद्यातील माणसाला या लोहमार्गाविषयी आणखी एक कृतज्ञता आहे. बुऱ्हाणपूरच्या पुढे, खांडव्याच्या वाटेवर नेपानगर लागते. देशात वृत्तपत्राचा कागद तयार करणारा पहिला कारखाना तो. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला आणि पुढे कित्येक वर्षे देशी वृत्तपत्री कागद म्हणजे नेपाचा कागद, असे समीकरण होते. सातपुड्यातला बांबू आणि सालईचे लाकूड, त्याचा कागद, त्या कागदावर आगगाडीने दूरदूरच्या छापखान्यांत उमटलेली अक्षरे! त्या काळी कोणी लालबाग आणि पणजी यांच्यामधला उड्डाणाचा वेळ विचारीत नव्हते. तरी ही गावे जोडलेली होती, कारण माल आणि माणूस ठरल्या दिवशी ठरल्या ठिकाणी पोचत असे, निदान तसा सर्वांचा विश्वास असे.

शेवटी पुन्हा लालबागेत येऊ. या उपनगराच्या परिसरातच कुंडी भंडारा नावाची जमिनीखालची जलवाहिनी आहे. खानखानान अब्दुर्रहीम सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ती बांधली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूगर्भातील बोगद्यांत गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, कोणतेही यंत्र न लावता ते शहराकडे आणले. वाटेत ठरावीक अंतरावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे वरून उघडे असे विहिरीसारखे झरोके ठेवले; हवा खेळावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून. चारशे वर्षांनंतरही तिच्यात पाणी वाहते आहे आणि २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांसाठी भारताने दिलेल्या संभाव्य यादीत तिचे नाव समाविष्ट झाले. त्या इराणी कारागिराला डोंगर आणि शहर यांतले अंतर ठाऊक होते. पण डोंगरात पाणी सापडले म्हणून त्याने दवंडी पिटली नाही. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची देखभाल कशी होईल याची तजवीज त्याने आधी केली आणि तहानलेल्याच्या घागरीपर्यंत पाणी पोचले तेव्हाच आपले काम झाले असे मानले.

ज्या लालबागेत ही जलवाहिनी आहे त्याच लालबागेत आजचा उतारू आपले सामान घेऊन वाहनाची वाट पाहत उभा राहतो. मोपाहून जळगावला विमान किती मिनिटांत पोचते, हे सरकारने सांगितले. तो घरी किती वाजता पोचणार, हे सांगण्याची जबाबदारीही आता कोणीतरी घेतली पाहिजे.